तपासणी आणि खाडा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी बायका का करून घेत नाहीत, या प्रश्नाला ‘जागरूकता नाही’ हे उत्तर ठरलेले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के भारतीय स्त्रियांनी ही तपासणी कधी तरी केलेली आढळली. आकडा पाहून ते उत्तर पटते. पण मुंबईतल्या एका मोठ्या अभ्यासापुढे ते टिकत नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा हा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासणी करत. तिथे सुमारे ८९ टक्के स्त्रिया तपासणीला आल्या आणि या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्यांना आधी नीट समजावून सांगितले होते, हे खरेच. पण तपासणी त्यांच्या वस्तीपर्यंत आली होती, हेही तितकेच खरे. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो : तपासणीत संशय आल्यावर पक्क्या निदानासाठी पुढे गेलेल्या स्त्रिया ७९ टक्क्यांच्या आसपास होत्या. पाचांतली एक वाटेतच गळाली.

म्हणजे हा एक निर्णय नाही. निर्णयांची साखळी आहे. काही होत नसताना जायचे, त्यासाठी दिवस काढायचा, अंग तपासू द्यायचे, निकालासाठी परत जायचे, गरज पडली तर उपचारासाठी पुन्हा जायचे. कामकरी स्त्रीला यातली प्रत्येक कडी रोजाच्या हिशेबात मोजावी लागते.

रोगाचे स्वरूपही तिच्या विरोधात आहे. या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूचा संसर्ग बहुतेकींना कधी ना कधी होतो आणि बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. तो चिकटून राहिला, तरच पेशी बदलू लागतात. त्यातून कर्करोग व्हायला बहुधा १० ते २० वर्षे लागतात. या काळात दुखत नाही, खुपत नाही. आजची मजुरी बुडणार हे नक्की आणि रोग होईल की नाही हे अनिश्चित. अशा वेळी ती मजुरी निवडते, तेव्हा तिचा हिशेब चुकलेला नसतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांकडे पाहिले की हे सर्वांत उघडे दिसते. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एकच ‘कोयता’ म्हणून मोजलेले, आणि आजारपणाने दिवस बुडाला तर खाडा कापला जाणार. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आले, की पाहणीतल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेल्यावर ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याचे अनेकींनी सांगितले आहे. ज्या भीतीने त्यांना साध्या तपासणीपर्यंत यायला हवे होते, त्याच भीतीने त्यांना शस्त्रक्रियेपर्यंत नेले. या गोष्टीचा राग यायलाच हवा. तपासणीत दोष दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नाही, आणि कर्करोगापूर्वीचे बदल बहुधा गर्भाशय न काढता बरे करता येतात. हे तिला कुणी सांगितले असते, तर निर्णय तिचा झाला असता.

म्हणून कोणती चाचणी चांगली, हे ठरवताना ती किती खाडे मागते हेही मोजले पाहिजे. पॅप चाचणीत नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवालासाठी पुन्हा फेरी, शंका असेल तर आणखी एक. सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून पाहण्याच्या पद्धतीत मिनिटभरात पांढरा डाग दिसतो आणि सोय असेल तर त्याच बैठकीत उपचार होतो. पण सगळी भिस्त बघणाऱ्याच्या नजरेवर, आणि खोटे इशारेही बरेच. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या अभ्यासात (२००९) एचपीव्हीची एकच चाचणी केलेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींत तशी स्पष्ट घट दिसली नाही. शिवाय एचपीव्ही चाचणीचा नमुना स्त्री स्वतः घेऊ शकते. टेबलावर झोपण्याचा संकोच त्यामुळे टळतो. पण निकाल हाती येईपर्यंत ती गावात असेलच असे नाही.

पगारदार स्त्रीला खाडा नसतो, रजा असते. ती मुलाच्या तापात आणि सासूच्या दवाखान्यात संपते. शिवाय हा संसर्ग शरीरसंबंधातून येतो हे कळल्यावर ‘तुला कशाला हवी ही तपासणी?’ असा प्रश्न घरातूनच येतो. म्हणून कामाच्या ठिकाणी, सगळ्यांसाठी ठेवलेली तपासणी बरी. तिथे एकटीला कारण द्यावे लागत नाही.

ऊसतोड स्त्रियांसाठी तर वेळापत्रक हंगामानेच आखून दिले आहे. टोळ्या साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यात परततात. नमुने मे-जूनमध्ये आशा सेविकांमार्फत गावात गोळा करावेत, निकाल पावसाळ्यात द्यावेत, आणि ज्यांना गरज आहे त्यांचा उपचार गाड्या निघण्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी व्हावा. उपचाराच्या दिवसाची मजुरीही त्याच योजनेतून मिळावी. एचपीव्ही चाचणी निर्दोष आली, तर ती पुन्हा ५ ते १० वर्षांनी करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन सांगते. इतक्या अंतराने येणारा हा खर्च कारखान्यांना आणि सरकारला पेलणार नाही, असे म्हणायला मी तयार नाही.