जिनवरचे 192 तास

1884-85 च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, व्यवस्थापकाने साक्ष दिली. मार्च-एप्रिलच्या गर्दीत कधीकधी तेच मजूर सुमारे आठ दिवस, दिवसरात्र राबतात; सुट्टी फक्त संध्याकाळी, अर्धा तास. जिनवर बसणाऱ्यांत बायका होत्या. खानदेशाची हद्द ओलांडली की लगेच मलकापूर, म्हणजे वऱ्हाडातला बुलढाणा जिल्हा. कापूस तोच, रेल्वे तीच. खालचा घटनाक्रम त्या साक्षीवर बेतला आहे. मोजणी पहाटे 5 पासून धरली आहे, कारण एरवीची पाळीही तेव्हाच सुरू होई.

पहिला दिवस, पहाटे 5. उरले 192 तास.
इंजिन सुरू होते, पट्टे फिरू लागतात. कातड्याने मढवलेला रूळ पात्याला घासत रुई ओढून घेतो आणि सरकी खाली गळते. बाईने कापूस पुढे सारत राहायचे. हात थांबला की रूळ रिकामा फिरतो, म्हणून हात थांबू द्यायचा नाही. पदर घट्ट खोचलेला हवा. फिरत्या शाफ्टने लुगड्याचे टोक पकडले तर सोडवायला वेळ मिळत नाही. दिवसाची मजुरी 3 ते 4 आणे.

दुपारी 12. उरले 185 तास.
घाई कशाची, तर पावसाची. मृग लागायच्या आत गाठी मुंबई बंदरात पोचायला हव्यात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने 1861 ते 1865 मध्ये वऱ्हाडी कापसाला सोन्याचे मोल दिले. 1867 पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आले आणि जलंब-खामगाव फाट्याचे उद्घाटन झाले. कापसासाठी व्हाइसरॉय आला. कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रापुढे बसलेल्या बाईसाठी कोण आले, हा माझा प्रश्न आहे.

संध्याकाळ.
अर्धा तास. भाकरी, पाणी, अंगावरचे मूल असेल तर त्याला पाजणे आणि पाठ टेकवणे, सगळे यातच.

रात्री 10. उरले 175 तास.
एरवी सतरा तासांनी इथे पाळी संपते. ती पाळीही माणसाला मोडणारीच. आज मात्र घरी जाणे नाही.

रात्री 2. उरले 171 तास.
रुईचे तंतू हवेत तरंगतात, नाकातोंडात जातात. झोप आवरत नाही अशी हीच वेळ, आणि बोटांपासून वीतभर अंतरावर रूळ फिरतो आहे.

दुसरा दिवस, पहाटे 5. उरले 168 तास.
कायदा कुठे होता? होता. 1881 चा फॅक्टरी कायदा. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला मनाई केली आणि बारा वर्षांखालच्यांना दिवसाला 9 तासांची मर्यादा घातली. मोठ्या बाईसाठी एक तासाचीही मर्यादा नव्हती. म्हणून आमच्या घटनाक्रमात पोलीस येत नाहीत, चौकशी होत नाही. जे चालले आहे ते बेकायदा नाही.

पाचवा दिवस, पहाटे 5. उरले 96 तास.
निम्मे झाले. हे लिहिताना मला त्या बायकांचे हात दिसतात, डोळे दिसत नाहीत.

याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांची संघटना उभी करत होते. 1884 मध्ये 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन कमिशनपुढे गेले. मागण्या अशा: रविवारी सुट्टी, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, दुपारी अर्धा तास विश्रांती, जखमी झाल्यास भरपाई. मुंबईत परळच्या गिरणी कामगाराला दुपारच्या अर्ध्या तासासाठी अर्ज करावा लागत होता. जिनवरच्या बाईपर्यंत तो अर्जही पोचलेला नव्हता.

नववा दिवस, पहाटे 5. उरले 0.
192 पैकी 188 तास काम. आता अंग उचलतच नाही, तेव्हा दुसरे मजूर मुंबईहून आणतात आणि इंजिन चालू राहते. असे राबणारे पुष्कळदा मरत, हे त्या व्यवस्थापकानेच कमिशनला सांगितले. आग लागली नाही, छप्पर कोसळले नाही. बाई घरी जाऊन काही दिवसांनी गेली की तिचे मरण जिनिंगच्या खात्यात येत नाही. मी याला दुर्घटनाच म्हणतो. या दुर्घटनेची वेळ ठरलेली होती, ती कोणाला तरी परवडत होती, आणि पुढल्या हंगामात ती पुन्हा घडवता येत होती.

24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे 10,000 कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या आणि आठवड्याची सुट्टी मागितली. बाईने चार लोकांत तोंड उघडायचे नाही अशा काळात, हजारो पुरुषांसमोर. 10 जून 1890 ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्याने बायकांच्या कामाला दिवसाला 11 तासांची मर्यादा आली.

वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने मात्र 1911 पर्यंत कायद्याबाहेरच होते. त्या वर्षी ते आत आले, तेव्हाही जिन आणि गाठी बांधणाऱ्या प्रेसमधल्या बायकांना रात्रपाळीच्या बंदीतून वगळायची वाट ठेवलीच. आठवड्याला 60 तासांची मर्यादा यायला 1922 उजाडले. त्या हिशेबाने, आठ दिवसांत त्या बायकांकडून तीन आठवड्यांहून जास्त काम करून घेतले होते.