पेणचा सांधा, रोह्याची हद्द : दोन कार्यप्रणालींच्या स्वस्त संगणकाची हकीकत

पनवेलहून कोकणात जाणाऱ्या लोहमार्गावर पेण आणि रोहे ही दोन स्थानके लागतात. पेण येथे मुख्य मार्गाला एक फाटा फुटतो आणि तो थळच्या खत कारखान्याकडे जातो. मालगाडी सरळ रोह्याला न्यायची की थळकडे वळवायची, हे तेथील सांधा ठरवतो. रोह्याला वेगळीच गोष्ट घडते. रूळ तेच, गाडीही तीच, पण कारभार बदलतो. तिथपर्यंत मध्य रेल्वे, तेथून पुढे कोकण रेल्वे. डब्यात बसलेल्या उताराला या बदलाचा पत्ताही नसतो.

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्रे उमटेपर्यंतच्या काळात यंत्राच्या आत असेच एक हस्तांतर होत असते. प्रथम मुख्य फलकावरील एका चिपमध्ये कायम साठवलेला छोटा प्रोग्रॅम (बायॉस) जागा होतो, मेमरी, कळफलक, डिस्क यांची हजेरी घेतो आणि डिस्कवरचा अगदी पहिला कप्पा वाचतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत हा कप्पा अवघा ५१२ बाइटांचा असतो. त्यांतील ४४६ बाइट सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या वाटणीच्या नोंदीसाठी आणि उरलेले २ बाइट खुणेसाठी. एवढ्याशा सूचनांचे काम एकच : पुढचा, थोडा मोठा प्रोग्रॅम कोठे आहे ते शोधून कारभार त्याच्या हाती देणे. तो आणखी मोठ्याला हाक मारतो आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली, सर्व सूत्रे हाती घेते. स्वतःच्या बुटाचा पट्टा ओढून स्वतःलाच वर उचलण्याच्या अशक्य कल्पनेवरून या क्रियेला ‘बूट’ होणे हे नाव पडले. एकाच डिस्कवर दोन कार्यप्रणाली ठेवल्या आणि मध्ये एक सांधा बसवला, की वापरणाऱ्याला सुरुवातीलाच विचारले जाते : कोणत्या मार्गाने जायचे? हाच ‘ड्युअल बूट’ संगणक.

मोठ्या संगणकांवर ही सोय जुनीच आहे. पण स्वस्त, लहान, मुलांच्या हाती द्यायच्या संगणकात तिची गरज का पडली, हा प्रश्न तंत्रापेक्षा इतिहासाचा आहे, आणि त्या इतिहासाचे एक पान आपल्याच रायगड जिल्ह्यात लिहिले गेले. पेणहून खोपोलीमार्गे कर्जतला जावे; त्या कर्जत तालुक्यात खैरात-धनगरवाडा नावाची वस्ती आहे. पहिली ते चौथीची वीसेक मुले, एक खोली, एक शिक्षक. या शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. अमेरिकेतील एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये या प्रकल्पाची घोषणा केली होती. किंमत शंभर डॉलर ठेवायचा त्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात ती दोनशेच्या जवळ गेली.

एक्सओ नावाचे ते हिरवे-पांढरे यंत्र आजही पाहण्यासारखे आहे. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट मेमरी, हार्ड डिस्कऐवजी १ गिगाबाइटची फ्लॅश स्मृती. आकडे वाचून कोणी हसेल. पण यंत्राचे शहाणपण आकड्यांत नव्हते. आत फिरणारा एकही भाग नव्हता. पंखा नाही, तबकडी नाही. त्यामुळे धूळ ओढली जायची नाही आणि बाकावरून पडले तरी तबकडी बिघडण्याची भीती नाही. कळफलकावर सलग रबरी आवरण होते. पडदा साडेसात इंचांचा होता, पण मेरी लू जेप्सन यांनी तो असा घडवला होता, की उन्हात नेल्यावर मागचा दिवा नसतानाही अक्षरे काळ्या-पांढऱ्यांत स्वच्छ वाचता यावीत. आपल्याकडे निम्मी शाळा अंगणात वा ओसरीवर भरते, तेथे या गोष्टीचे मोल किती ते शिक्षकांना सांगायला नको. कळफलकाची देवनागरी आवृत्तीही काढली होती.

सर्वांत मोठा गुण मात्र विजेचा. त्या वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमन रोजचे होते. विद्यार्थ्यांबरोबर एक सोपा हिशेब करून पाहावा. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. बॅटरी टिकावी म्हणून त्यांतले निम्मेच वापरायचे ठरवले, तर हाती ६०० उरतात. काचेच्या जाड पडद्याचा जुना टेबलावरचा संगणक सुमारे १२० वॅट घेई; म्हणजे एक यंत्र पाच तास. नेटबुकला १२ वॅट धरले, तर तेवढ्याच विजेवर दहा यंत्रे पाच तास चालतात. एक्सओला ५ वॅटच धरले, तर दोन डझन. हा हिशेब मांडून पाहणारा शिक्षक स्वस्त छोट्या यंत्राला खेळणे म्हणून झिडकारणार नाही.

एक्सओवर सुरुवातीला एकच मार्ग होता : लिनक्सच्या पायावर उभारलेली ‘शुगर’ ही मांडणी. तीत ‘फाइल’, ‘फोल्डर’ ही कचेरीची भाषा नव्हती. चित्र काढणे, सूर जुळवणे, कासवाला आज्ञा देऊन भूमितीच्या आकृत्या रेखणे, शेजारच्या मुलाच्या यंत्राशी विनातार जोडून एकत्र लिहिणे, अशा ‘कृती’ होत्या. मुलाने आपले यंत्र उघडून त्यातले प्रोग्रॅम वाचावेत, बदलावेत, ही त्यामागची भूमिका होती. केंद्र सरकारला हा सगळाच विचार पटला नाही. २००६ मध्येच मनुष्यबळ विकास मंत्रालयाने प्रकल्पात सहभागी होण्यास नकार दिला होता. आधी वर्ग, आधी शिक्षक, हा त्या नकारामागचा मुद्दा अगदीच चुकीचा होता असे आम्हाला वाटत नाही.

यानंतर दुसरा मार्ग आला. मे २००८ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि या प्रकल्पाने एक्सओवर विंडोज एक्सपी चालवण्याचे जाहीर केले. विंडोजचा परवाना प्रत्येक यंत्रामागे तीन डॉलरांना मिळणार होता. विंडोज नसलेले यंत्र घ्यायला अनेक देशांची सरकारे तयार नाहीत, असे कारण दिले गेले. तांत्रिक अडचणी थोड्या नव्हत्या. एक्सओमध्ये नेहमीचा बायॉसच नव्हता आणि १ गिगाबाइटात एक्सपी मावत नव्हते. म्हणून त्याला २ गिगाबाइटचे वेगळे कार्ड लावावे लागले. खरी फूट माणसांत पडली. शुगरमागचे एक प्रमुख, वॉल्टर बेंडर, एप्रिल २००८ मध्येच प्रकल्प सोडून गेले आणि त्यांनी शुगरसाठी स्वतंत्र संस्था काढली.

याच सुमारास बाजारही जागा झाला. तैवानच्या असुस कंपनीने ऑक्टोबर २००७ मध्ये ई-पीसी हे सात इंची यंत्र आणले. ५१२ मेगाबाइट मेमरी, ४ गिगाबाइट साठवण, आणि वर लिनक्स. ते इतके खपले, की पुढच्या वर्षी प्रत्येक कंपनीचे नेटबुक आले. मायक्रोसॉफ्टचे नवे व्हिस्टा या यंत्रांना झेपत नव्हते. जून २००८ अखेर ज्याची विक्री थांबायची होती त्या एक्सपीला म्हणून केवळ या लहान यंत्रांसाठी मुदतवाढ मिळाली. त्यासाठी मेमरी १ गिगाबाइटपेक्षा जास्त नसावी, अशी अट होती. पुढे २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ च्या ‘स्टार्टर’ आवृत्तीत तर पडद्यामागचे चित्र बदलायचीही मुभा नव्हती! स्वस्त यंत्र दुबळे असते ते काही प्रमाणात त्याला दुबळे ठेवले जाते म्हणून, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

अशा यंत्रावर दुसरी कार्यप्रणाली बसवणाऱ्यांत हौशी मंडळी होती, तसे शिक्षकही होते. एकाच यंत्राच्या किमतीत दोन जगे दिसतात. एकात बिघाड झाला तर दुसऱ्यातून आपली कागदपत्रे वाचवता येतात, विषाणूंनी (संगणकाच्या!) विंडोज जर्जर झाले, की लिनक्सच्या बाजूने जाऊन सफाई करता येते. या गुणाचा अनुभव ज्यांनी घेतला ते तो विसरत नाहीत.

पण दोष रोजचे होते. चार किंवा आठ गिगाबाइटच्या जागेत दोन संसार मांडले, की दोघांनाही अंग चोरून राहावे लागते. लिनक्सला विंडोजच्या फाइली २००७ नंतर नीट वाचता-लिहिता येऊ लागल्या, मात्र विंडोजला लिनक्सची वाटणी दिसतच नसे. मुलाने सकाळी एका बाजूला काढलेले चित्र दुपारी दुसरीकडून गायब. विंडोज पुन्हा बसवले, की ते पहिल्या कप्प्यातील ४४६ बाइटांवर आपल्याच सूचना लिहून टाकी. लिनक्स जागेवरच असे, पण त्याच्याकडे वळवणारा सांधाच उखडलेला. ई-पीसीच्या ८०० गुणिले ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर विंडोजच्या काही चौकटी इतक्या उंच उघडत, की ‘ओके’चे बटण पडद्याखाली जाई. आणि घड्याळ! यंत्रातील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स बहुधा जागतिक वेळ. विंडोजने दहा वाजवून ठेवले, की लिनक्स त्यात साडेपाच तास मिळवून दुपारचे साडेतीन दाखवी. रेखावृत्ते आणि प्रमाणवेळ शिकवायला इतके आयते उदाहरण क्वचित मिळते.

मराठीच्या बाबतीत मात्र दोष गंभीर होता. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, आणि लिनक्सवर ‘लोहित’ हा मोफत देवनागरी फाँट २००४ पासून मिळू लागला. एक्सपीमध्येही सोय होती, पण ती आधी चालू करून घ्यावी लागे आणि त्यासाठी अनेकदा मूळ सीडी मागितली जाई. नेटबुकला सीडी घालायची जागाच नव्हती. शिवाय कचेऱ्या आणि छापखाने यांचा बराचसा मजकूर युनिकोडपूर्व फाँटांत अडकला होता आणि ते फाँट विंडोजवरच चालत. म्हणजे मराठी नीट लिहायला लिनक्सचा मार्ग मोकळा, पण लिहिलेले पत्र तालुक्याला द्यायचे तर विंडोजचाच. २००९ मध्ये एसर कंपनीने विंडोजच्या जोडीला अँड्रॉइड असलेले नेटबुक आणले. झटपट इंटरनेट पाहायला अँड्रॉइड, बाकी कामाला विंडोज, अशी ती कल्पना. अँड्रॉइडच्या त्या आवृत्तीत मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत.

आम्हाला वाटते, दुसऱ्या मार्गाची गरज मुलांना नव्हती, परीक्षांना होती. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागले. त्याने संगणक गावोगाव नेला, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण तो शिकवला जाई विंडोज आणि ऑफिसवर. मग पेण किंवा रोह्याच्या पालकाने ‘माझ्या मुलीला शुगर नको, विंडोज शिकवा’ असे म्हटले, तर त्याचा दोष काय? केरळने हा गुंता दुसऱ्या टोकाकडून सोडवला. तेथे शालेय संगणक शिक्षण मुक्त कार्यप्रणालीवर नेले आणि दहावीची संगणक परीक्षाही तिच्यावरच घेतली जाऊ लागली. परीक्षा बदलल्यावर सांध्याची गरज उरली नाही.

यंत्राने शिक्षण किती सुधारले, याचे मोजमाप पेरू देशात झाले. ग्रामीण भागातील ३१९ शाळांची तुलना केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले : एक्सओ मिळालेल्या मुलांच्या गणित व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही, विचारक्षमतेच्या काही चाचण्यांत थोडी वाढ दिसली. टीकाकारांनी पहिले वाक्य उचलले, समर्थकांनी दुसरे. दोन्ही एकत्र वाचली, तर यंत्र वर्गात आले पण शिक्षकाच्या पाठात शिरले नाही, असा अर्थ आम्हाला लागतो. खैरातसारख्या एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकदम सांभाळणाऱ्या गुरुजींना बरोबरीने शिकायला वेळ आणि कोणाची तरी सोबत लागते. ती खोक्यातून येत नाही.

२०१० मध्ये आयपॅड आला, पाठोपाठ स्वस्त टॅबलेट आणि मोठ्या पडद्याचे फोन, आणि २०१२ अखेर असुस व एसर यांनी नेटबुकांचे उत्पादन थांबवले. एखाद्या शाळेच्या कपाटात असे यंत्र अजून असेल, तर त्यावरचे एक्सपी एप्रिल २०१४ पासून आणि विंडोज ७ जानेवारी २०२० पासून निराधार आहे. तो मार्ग इंटरनेटला जोडू नये. सुरुवातीची बहुतेक नेटबुके ३२ बिटांची आहेत. लिनक्सच्या डेबियन या प्रकाराची २०२३ मधील बारावी आवृत्ती अशा यंत्रांवर बसवता येते. २०२५ च्या तेराव्या आवृत्तीतून ती सोय गेली. १ गिगाबाइट मेमरी असेल तर हलकी मांडणी निवडावी, कासवाच्या आकृत्या आणि पायथन शिकायला ती पुरते. बॅटरी बहुधा गेलेली असेल. यंत्र थेट विजेवर चालवून पाहावे. तारीख दर वेळी मागे जात असेल, तर आतील नाण्याएवढी बॅटरी बदलावी. आणि फक्त साडेपाच तासांचाच फरक दिसला, तर काहीही न बदलता आधी ते वर्गाला दाखवावे.