सोशल मीडिया नको म्हणणारे लोक: ५ सप्टेंबर २००६ ची गोष्ट

आजचा एपिसोड माझ्या ताईमुळे झालाय. ताई पस्तिशीची आहे. यूपीआय वापरते, रेल्वेचं तिकीट फोनवरून काढते. पण फेसबुक नाही, इन्स्टा नाही, कुठेच अकाउंट नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, ही जरा जुन्या वळणाची आहे. मग या विषयावर वाचायला बसलो, तेव्हा कळलं की तिची तक्रार सगळ्यात आधी खुद्द फेसबुकच्या कॉलेजमधल्या पोरांनीच केली होती.

फेसबुक २००४ मध्ये सुरू झालं. तेव्हा त्यात फीड नव्हतंच. मित्राचं काय चाललंय हे बघायचं, तर त्याच्या प्रोफाइलवर जावं लागायचं. चाळीत कुणाची चौकशी करायची तर उठून त्याच्या दारापर्यंत जातो ना, तसं. (आपल्याकडे तेव्हा ऑर्कुट जोरात होतं. स्क्रॅप लिहायला आपणही दारोदारच फिरायचो.)

५ सप्टेंबर २००६. त्या दिवशी पोरांनी लॉगिन केलं आणि समोर न्यूज फीड. कुणी फोटो टाकला, कुणाचं ब्रेकअप झालं, कोण कुठल्या ग्रुपमध्ये गेलं, सगळं ओळीने. कुणालाही न विचारता दारात दवंडीवाला उभा केला होता.

लोक खवळले. विरोधाचे ग्रुप निघाले आणि थोड्याच दिवसांत त्यांत लाखो जण आले. तेव्हा फेसबुकचे एकूण युजर एक कोटीच्या आसपास होते, म्हणजे बघा! तीन दिवसांनी, ८ तारखेला, २२ वर्षांच्या झुकरबर्गने माफीचं पत्र लिहिलं आणि प्रायव्हसीची काही बटणं दिली. फीड मात्र काढलं नाही. कारण हे ग्रुप एवढे पसरले कसे? फीडमुळेच! मित्र ग्रुपमध्ये गेला की ते फीडमध्ये दिसायचं, मग आपणही जायचो. लोक शिव्या देत होते आणि साइटवर आधीपेक्षा जास्त वेळ बसत होते. कंपनीने यातलं दुसरंच तेवढं लक्षात ठेवलं.

कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही नवीन काहीच उघड केलं नाही, जे दिसत होतं तेच दाखवलं. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण एखादी गोष्ट कुणाला तरी दिसू शकणं वेगळं आणि ती घरोघर पोचवणं वेगळं. 'वेळ वाया जातो' ही तक्रार सिनेमाची झाली, टीव्हीचीही झाली. ही तक्रार निराळी आहे.

ताईचं हेच झालं. २०१० च्या सुमारास ती पुण्यात हॉस्टेलवर होती. सिंहगडावर भजी खाताना कुणीतरी फोटो काढला. शेजारी वर्गातला एक मुलगा. मैत्रिणीने फोटो टाकला, ताईला टॅग केलं. संध्याकाळी सांगलीत मामाच्या कॉम्प्युटरवर तो दिसला आणि रात्री बाबांचा फोन, "कोण तो?" पुढची दोन वर्षं ताई एकाही ट्रिपला गेली नाही.

अमेरिकेतही असंच एक प्रकरण आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने 'बीकन' आणलं. तुम्ही दुसऱ्या साइटवर काय विकत घेतलं ते मित्रांना आपोआप कळायचं. एकाने नाताळसाठी बायकोला अंगठी घेतली. गुपचूप द्यायची होती. बातमी सगळ्या मित्रांना गेली, बायकोलाही! खटला झाला, ९५ लाख डॉलरवर मिटला आणि बीकन २००९ मध्ये बंद पडलं.

नंतरचा टप्पा याहून विचित्र. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा फेसबुकने ६,८९,००३ जणांच्या फीडशी प्रयोग केला. काहींना आनंदी पोस्ट कमी दाखवल्या, काहींना दुःखी. लोकांच्या स्वतःच्या लिहिण्यावर परिणाम झाला, पण अगदी किंचित. २०१४ मध्ये हे छापून आल्यावर संताप झाला तो त्या किंचित परिणामापेक्षा, आपल्याला विचारलंच नव्हतं याचा.

रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री ताईला अंगठीची गोष्ट सांगितली. हसली. मग म्हणाली, "त्याला निदान कोर्टात जाता आलं रे. माझ्या मैत्रिणीने तर प्रेमानेच नाव टाकलं होतं. तिच्याशी मी अजून बोलत नाही."