नायट्याची बुरशी आणि औषधाची हार

सुप्यावरून पुण्याकडे जाणारी सडक आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. पुण्यापलीकडे पिंपरीस 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे डॉ. थिरुमलाचार यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक औषध मिळविले. त्या जीवाचे नावच ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’! बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. हॅमायसिन त्यालाच चिकटते आणि आवरण फुटते.

पुढे आलेल्या टर्बिनाफिनने निराळी वाट धरली. अर्गोस्टेरॉल घडविणाऱ्या एका विकराचेच काम ते बंद पाडते. नायट्यावर ते रामबाण ठरले. परंतु भारतीय व नेपाळी रुग्णांकडून मिळालेली एक बुरशी त्याला दाद देईना. 2020 साली जपानी संशोधकांनी तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव दिले. तिच्या जनुकात एक अक्षर बदलले होते. त्यामुळे विकराच्या साखळीत 397व्या जागी फेनिलॲलानिनऐवजी ल्यूसीन आले आणि औषधाला तेथे पकड मिळेना.

हा बदल औषधाने घडविला, असे मात्र नव्हे. असे बदल आपोआप, क्वचित घडतात. औषध केवळ निवड करते. खाज थांबताच मलम सोडले, म्हणजे दुबळी बुरशी मरते आणि बदललेली उरते. स्टेरॉइड मिसळलेले मलम चोळले, तर लाली ओसरते, पण बुरशी जगते. मग तिचीच प्रजा टॉवेलावरून घरभर पसरते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करणे, यात एकट्याचे नव्हे, सबंध घराचे हित आहे.