रक्तात उरलेली फवारणी

शेतात कधी पाऊल न टाकलेल्या शहरी माणसाच्या रक्तातही कीटकनाशक सापडते, हे ऐकून कुणीही दचकेल. सेंगकांगच्या उंच इमारतींत राहणाऱ्या आपला शेतीशी संबंध काय तो बाजारातल्या भाजीपुरता! पण या गोष्टीचा एक धागा थेट जुन्या मुंबई इलाख्यापर्यंत जातो.

पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखला. १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९४६ च्या सुमारास डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्यातील कारवार-धारवाड भागात घरोघर डीडीटी फवारली गेली. हिवताप ओसरला, आणि १९५३ साली देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. त्या काळी भारतात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत. १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या लाखावर आली. भिंतीवरचे पांढरे डाग आणि दारावर लिहिलेली फवारणीची तारीख आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

जमेची बाजू एवढी मोठी असल्याने खर्चाची बाजू उशिरा दिसली. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मुरते. धान्य, दूध, तूप यांवाटे ती पोटात जाते. शरीरात तिचे डीडीई होते आणि ते निघून जायला वर्षे लागतात. १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात दिल्लीकरांच्या चरबीची तपासणी प्रसिद्ध झाली: दर दशलक्ष भागांत सरासरी २६ भाग डीडीटी! १९७६ साली त्याच नियतकालिकात दिल्लीकरांच्या रक्तातील डीडीटीचीही नोंद आली. हे लोक फवारणी कामगार नव्हते, साधे नागरिक होते.

आणि सिंगापूर? इथले नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येते, तेव्हा इतरांच्या शेतांचा इतिहास आपल्याही ताटात येतो. इथल्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात प्रसूत झालेल्या स्त्रियांच्या चरबीची आणि नाळेतील रक्ताची तपासणी केली, तेव्हा त्यांतही डीडीई आढळले. म्हणजे ज्या बाळाने अजून पहिला घासही घेतला नाही, त्याच्याही वाट्याला जुन्या फवारणीचा अंश आला.

रक्तात अंश सापडला म्हणजे आजार झालाच, असे नाही. पण भाजी धुऊन वरवरची फवारणी जाते. दुधा-तुपातली जात नाही. तिथे उपाय सर्वांनी मिळून करायचा असतो. भारताने १९८९ साली शेतीत डीडीटीला मनाई केली. २००१ चा स्टॉकहोम करार २००४ पासून अमलात आला. त्यात रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरतीच मुभा राहिली. स्वीडनने १९७० च्या दशकात निर्बंध घातले, आणि तिथे मातांच्या दुधातील डीडीटी वर्षानुवर्षे उतरत गेली. एका पिढीने घेतलेला निर्णय पुढच्या पिढीच्या रक्तात दिसतो, तो असा.