अॅनिमेटर व्हायचे तर : पेन्सिलीपासून शोरीलपर्यंत

चित्रपटाच्या पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. हाताने काढलेल्या अॅनिमेशनमध्ये बहुधा एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले जाते. म्हणजे सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० चित्रे. संगणकाने रेखाटनाचे कष्ट पुष्कळ हलके केले, पण हा हिशेब तसाच राहिला. पात्राने मान वळवायची तर ती किती चौकटींत वळेल, वळताना आधी डोळे फिरतील की हनुवटी, हे ठरवणारा तो अॅनिमेटर. कार्टून आवडीने पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला हे काम रुचेलच असे नाही.

भारतात या कलेच्या संघटित प्रशिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. फिल्म्स डिव्हिजनने १९५६ साली कार्टून विभाग उभा केला आणि डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स यांच्याकडे तेथील कलावंतांना शिकवण्याची जबाबदारी सोपवली. पुढे भारतीय अॅनिमेशनचे पितामह म्हणून ओळखले गेलेले राम मोहन (निधन २०१९) याच विभागात घडले. ते विज्ञानाचे पदवीधर होते, ही गोष्ट शाखेच्या चिंतेत पडलेल्या पालकांनी ध्यानात घ्यावी.

स्टुडिओतील काम अनेक हातांत वाटलेले असते. स्टोरीबोर्ड, दृश्याची मांडणी, पात्राचे त्रिमित मॉडेल, त्या मॉडेलला हाडे-सांधे देणारे रिगिंग, प्रत्यक्ष हालचाल, प्रकाशयोजना आणि अखेरचे कम्पोझिटिंग ही सर्व स्वतंत्र कौशल्ये आहेत. यांतील आपले काम कोणते, याचा निर्णय शिक्षणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत व्हायला हवा. ‘सर्व काही येते’ असे लिहिणारा उमेदवार मोठ्या स्टुडिओच्या नजरेत भरत नाही. मोजक्या माणसांवर चालणाऱ्या छोट्या स्टुडिओत मात्र तोच उपयोगी पडतो.

तयारी पेन्सिलीनेच करावी. महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देतात. त्यातील स्मरणचित्राचा सराव येथे फार कामी येतो, कारण अॅनिमेटरला पाहिलेली हालचाल मनात साठवावी लागते. रेल्वे फलाटावर, भाजी मंडईत, क्रिकेटच्या मैदानावर बसून अर्ध्या मिनिटात एक अशी झटपट रेखाटने करण्याची सवय लावावी. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या कलावंतांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात मांडलेली बारा तत्त्वे हा या विद्येचा पाया मानला जातो. उसळणारा चेंडू, अर्धवट भरलेले पिठाचे पोते, चालण्याचे आवर्तन हे सराव कंटाळवाणे वाटतात. पण वजन दाखवता येते की नाही, हे तेथेच उघड होते. सॉफ्टवेअर त्यानंतर. माया आणि टून बूम हार्मनी यांचा स्टुडिओत मोठा वापर आहे. ब्लेंडर विनामूल्य मिळते आणि २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा चित्रपट त्याच्यावरच तयार झाला. महागडे सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून अडून बसण्याचे कारण उरलेले नाही.

पदवीसाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) अॅनिमेशन चित्रपटाचे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. प्रवेश लेखी चाचणी आणि त्यानंतरच्या पुढील टप्प्यांतून होतो. पवईच्या आयआयटीतील आयडीसीमध्ये अॅनिमेशनच्या एम. डेस.साठी सीड ही परीक्षा द्यावी लागते. दोन्हीकडे जागा थोड्या असतात. उरतात त्या खासगी संस्था, आणि फसगत होते ती येथेच. काही लाखांचे शुल्क भरण्यापूर्वी, शैक्षणिक कर्ज काढण्यापूर्वी, मागील दोन वर्षांत बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची शोरील पाहायला मागावीत. नोकरीच्या शंभर टक्के हमीची जाहिरात करणारी संस्था ती दाखवण्यास टाळाटाळ करत असेल, तर पाऊल मागे घेणेच शहाणपणाचे.

नोकरीच्या अर्जात गुणपत्रिकेपेक्षा शोरील मोलाचे. त्याची लांबी एक ते दीड मिनिट पुरे. सर्वोत्तम काम प्रारंभी ठेवावे, कारण पाहणाऱ्यापुढे अशा अनेक फिती असतात आणि पहिल्या काही सेकंदांतच त्याचे मत बनते. एक दुबळा शॉट चार चांगल्या शॉटना खाली ओढतो. तो निर्दयपणे काढावा. वजन, चाल आणि संवाद बोलणाऱ्या पात्राचा अभिनय या तिन्हींचा नमुना असावा. इंटरनेटवरील विनामूल्य रिग वापरण्यात कमीपणा नाही, मात्र ते कोणाचे हे नमूद करावे. समूहाने केलेल्या शॉटमध्ये स्वतःचा वाटा नेमका कोणता, हेही लिहावे. दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवणारा उमेदवार या लहानशा वर्तुळात लवकर ओळखला जातो. पूर्वीच्या स्टुडिओतील अप्रदर्शित काम परवानगीशिवाय दाखवणे हा करारभंग ठरतो.

शोरील पसंत पडल्यास चाचणी होते : एक रिग, एक छोटा प्रसंग आणि ठरावीक मुदत. येथे चमकदारपणापेक्षा सूचना नीट वाचल्या का, हे पाहिले जाते. पुढे पर्यवेक्षक तोच शॉट पाच वेळा बदलायला सांगेल. तेव्हा हिरमुसणारा माणूस तेथे टिकत नाही.

वेतनाची सुरुवात बेताची असते आणि कामाच्या अखेरच्या आठवड्यांत घड्याळ पाहायचे नसते. स्थैर्याविषयीही भ्रम नसावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा जागतिक समूह कोसळला, तेव्हा भारतातील हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या एकाएकी गेल्या. त्यात मोठमोठ्या चित्रपटांवर काम केलेले अनुभवी लोकही होते. त्यामुळे नेमणूक कायमची की एका प्रकल्पापुरती, जादा तासांचा मोबदला मिळणार का, प्रशिक्षणाच्या नावाखाली बंधपत्र लिहून घेतले जाते का आणि ते मोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, हे सहीपूर्वी विचारून घ्यावे. नोकरी देण्यासाठी अनामत मागणाऱ्याला नकार द्यावा. आणि नोकरी लागल्यावरही शोरील दर सहा महिन्यांनी अद्ययावत ठेवावे.