सैन्यभरती आणि शरीरसामर्थ्याचा प्रश्न : इंग्लंड, १८९९ ते १९१८

सैनिकाचे शिक्षण कवायतीच्या मैदानावर सुरू होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु त्या मैदानावर उभे राहण्याइतके शरीर अगोदरच घडलेले असावे लागते. ते कोणी व कोणत्या उपायांनी घडवावयाचे, हा प्रश्न इंग्लंडपुढे तीव्रतेने उभा राहिला तो बोअर युद्धाच्या काळात (१८९९–१९०२).

१८९९ साली मँचेस्टर येथे सैन्यात दाखल होऊ इच्छिणाऱ्या सुमारे ११,००० तरुणांपैकी ८,००० तत्काळ नाकारले गेले, ही आकडेवारी त्या वेळी वारंवार पुढे मांडली जात असे. मेजर-जनरल सर फ्रेडरिक मॉरिस यांनी जानेवारी १९०२ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या लेखात असे प्रतिपादन केले की, भरतीसाठी येणाऱ्या पाचांपैकी दोघेच दोन वर्षांनंतर कार्यक्षम सैनिक म्हणून उरतात. इंग्रज वंशाचाच ऱ्हास होत आहे, असा निष्कर्ष अनेकांनी यावरून काढला. तो उतावीळपणाचा होता. भरतीच्या दारात येणारा वर्ग बहुतांशी बेकार व दरिद्री होता. त्याच्यावरून सबंध राष्ट्राचे माप घेणे युक्त नव्हते.

पहिला उपाय सुचला तो कवायतीचा. १९०२ मध्ये शिक्षण मंडळाने युद्धखात्याच्या सल्ल्याने शाळांसाठी शारीरिक शिक्षणाचा एक नमुना-क्रम प्रसिद्ध केला. त्याचा साचा लष्करी होता. प्रौढ सैनिकांसाठी योजलेल्या हालचाली बालकांच्या वाढत्या शरीरास मानवतील काय, असा आक्षेप लगेच उपस्थित झाला. १९०४ मध्ये त्याच्या जागी निराळा अभ्यासक्रम आला.

त्याच वर्षी सर अल्मेरिक फिट्झरॉय यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शारीरिक ऱ्हासासंबंधी अहवाल सादर केला. वंशपरंपरागत ऱ्हासास पुरावा नाही, असे समितीचे मत पडले. कोंदट वस्ती, दूषित हवा, मद्यपान आणि अपुरे अन्न यांकडे तिने बोट दाखविले. व्यायामाचे महत्त्व तिने नाकारले नाही; परंतु उपाशी मुलास व्यायाम देणे व्यर्थ आहे, ही जाणीव या चर्चेतून दृढ झाली. १९०६ च्या कायद्याने शाळेत भोजन देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. १९०७ च्या कायद्याने विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. मात्र भोजनाचा कायदा बंधनकारक नव्हता, आणि म्हणून त्याचा लाभ सर्वत्र सारखा पोहोचला नाही.

१९१७–१८ मध्ये वैद्यकीय मंडळांनी सुमारे २४ लक्ष पुरुष तपासले, तेव्हा पहिल्या श्रेणीत बसले ते जेमतेम ३६ टक्के. यांतील बहुतेकांचे बालपण १९०६ पूर्वीच सरलेले होते. भरतीपूर्वीच्या काही आठवड्यांच्या मेहनतीने निरोगी शरीर कणखर होऊ शकते. बालपणीच्या उपासमारीची भरपाई मात्र तीतून होत नाही. सैनिक घडविण्याचा आरंभ छावणीच्या कितीतरी आधी, घरातील ताटापासून होतो, हेच या इतिहासाचे तात्पर्य होय.